प्रेमाची सूचना

७ जून

प्रिय धाकटे,

फोन का करत नाही म्हणून तू मागे चिडली होतीस. दोन खोल्यांच्या घरात फोन कुठे जाऊन करू? बाबांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली, कान मात्र असे शाबूत आहेत की मी स्वयंपाकघरात उसासा टाकला तरी बाहेरून "काय?" येतं. म्हणून हे पत्र. लिहिताना आवाज होत नाही आणि बाबांना वाटतं, मी मंडळासाठी काहीतरी रचतेय.

मंडळ म्हणजे तेच, आपल्या चर्चचं कवितामंडळ. तू गेल्यावर ते बंद पडलं असेल अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. उलट बाबांना घराबाहेर पडता येईना तेव्हापासून ते दर गुरुवारी आपल्याच घरी भरतं. हेडबाई येतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांची लाल पेन्सिल काही निवृत्त झालेली नाही. शिंपीकाका येतात, त्यांच्या कवितेत अजून तारणाचं वस्त्र, कृपेचा धागा आणि पापाची उसवलेली शिवण असतेच. चर्चमधला ऑर्गनवाला येतो, त्याच्या कवितेला अर्थ नसतो पण चाल असते. बाबांच्या पलंगाभोवती खुर्च्या मांडून सगळे आपापली भक्तिगीतं वाचतात, आणि मी चहा करून होईपर्यंत दोघांचं वाचून झालेलं असतं. तेवढ्यातून तरी सुटले, असं मी मनात म्हणते, तोंडाने "वा!" म्हणते.

नियम बाबांनी, म्हणजे मंडळाच्या 'सरां'नी, घालून दिलेले तेच आहेत. आधी प्रत्येकाने एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक 'प्रेमाची सूचना' करायची. टीका हा शब्दसुद्धा काढायचा नाही. आणि ज्याची कविता असेल त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटी "आभारी आहे" म्हणायचं आणि सुधारलेली ओळ उतरवून घ्यायची. मंडळात आभार न मानलेली तू एकटीच. "अंधारात हाक मारते, तू आहेस का?" अशी तुझी ओळ होती. बाबांनी त्यातला 'का' काढून 'ना' घातला आणि तुला न विचारता उपासनेच्या पत्रिकेत तुझ्या नावाने छापून टाकली. अख्ख्या चर्चने कौतुक केलं आणि तू बॅग भरलीस. एका अक्षरासाठी कुणी घर सोडतं का, असं तेव्हा सगळे म्हणत होते.

आता बाबांचं बोलणं माझ्याखेरीज कुणाला कळत नाही. ते माझं मनगट धरून मला खाली वाकवतात, पुटपुटतात आणि मी मोठ्याने सांगते, "बाबा म्हणतात, दुसऱ्या ओळीतली 'नी' दीर्घ हवी." ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ते आजारपणातही तसूभर हललेले नाहीत. काव्यात एवढी सूट असते, असं कुणी म्हणालं की डावी मूठ पलंगावर आपटते. देवापुढे अशुद्ध बोलायचं नाही, हे त्यांचं जुनं पालुपद तुला पाठच असेल.

माझं म्हणशील तर हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये त्याच चादरी, तेच अभ्रे आणि शिलाई मशीनशी तीच मी. मी कामावर असते तोवर वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई बाबांजवळ बसतात. हो, एक सांगायचं राहिलं. आमच्या मेट्रनने परवा बोलावून घेतलं. दुसऱ्या गावी त्यांच्या ओळखीच्या नर्सिंग कॉलेजला होस्टेलसाठी वॉर्डन हवी आहे. राहायला स्वतंत्र खोली. पन्नाशीच्या आतली बाई हवी, आणि मी ती वेस मार्चमध्ये ओलांडणार. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुला नुसतं कळवतेय. तू तुझा संसार टाकून इकडे यायचं काही कारण नाही.

तुझी
ताई


२१ जून

प्रिय धाकटे,

"बाबांचं काय?" एवढाच प्रश्न तू लिहून पाठवलास. प्रश्न बरोबर आहे. मलाही तो रोज पडतो, फक्त माझ्या हातात तेव्हा साबण आणि टॉवेल असतो.

मेट्रनने जुलैच्या मध्यापर्यंत उत्तर मागितलंय. बाबांना कसं सांगू? आपल्या घरात साध्या भाषेत कुणी कधी काही सांगितलंय का? आई गेली तेव्हासुद्धा बाबांनी आपल्याला जवळ घेतलं नाही, चार कडव्यांचं गीत लिहिलं. चांगलं होतं गीत, मी नाही म्हणत नाही. पण मला तेव्हा गीत नको होतं गं.

तर मी त्यांच्याच रस्त्याने जायचं ठरवलंय. ओळी केल्यात. येत्या गुरुवारी मंडळात त्यांच्यासमोर वाचणार आहे. बाकीच्यांना कळो न कळो, बाबांना कळेल. शब्दांच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नाही. तुलाही पाठवते:

उशाशी तुझ्या जागते रोज मी
तुझे हात मी अन् तुझे पाय मी
तुझा शब्द ओठांत माझ्या वसे
अता हात माझा जरा सोड तू

कुणाला उद्देशून आहे ते लिहीत नाही. तू घरची आहेस. 'जरा' घालू की नको, यावर माझा फार वेळ गेला. शेवटी ठेवला. एकदम 'सोड' म्हणायला जीभ रेटेना. वाचून मला कळव.

तुझी
ताई


२८ जून

प्रिय धाकटे,

झालं ते ऐक आणि हसू आलं तर हस, मला काही वाटणार नाही. मलाही मधूनमधून येतं.

गुरुवारी बाबांना ताप होता. गोळी घेऊन गाढ झोपले होते, म्हणून खुर्च्या स्वयंपाकघरात मांडल्या. मी म्हटलं, आज राहू दे, माझी पाळी पुढच्या वेळी. हेडबाई म्हणाल्या, "पाळी म्हणजे पाळी. सरांची शिस्त आपण मोडायची नाही." वाचलं मी. संपल्यावर हेडबाईंनी चष्मा काढला आणि मला वाटलं, कळलं यांना. मग त्यांनी डोळे पुसले.

"पहिल्याच ओळीत गेथशेमाने बाग उभी केलीस," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेच्या त्या शेवटच्या रात्री प्रभूचे शिष्य झोपून गेले, पण आमची ताई जागी आहे!"

"आणि ते हातपाय," शिंपीकाका म्हणाले. "या जगात प्रभूला आपल्याशिवाय हातपाय नाहीत, हेच ना? टाका अगदी घट्ट बसलाय."

"तुझा शब्द म्हणजे पवित्र वचन," ऑर्गनवाला म्हणाला. "त्यात काय, सरळ आहे."

तू बघ, धाकटे. आपल्या मंडळात 'तू' म्हटलं की देवच. इतकी वर्षं त्या पलंगाभोवती दुसऱ्या कुठल्या 'तू'ला कुणी हाकच मारलेली नाही. तिथे बसून मी जगातल्या कुणाशीही भांडले असते तरी त्यांनी ते प्रार्थना म्हणूनच ऐकलं असतं. एवढं साधं माझ्या लक्षात यायला नको का? इतकी वर्षं मीही तेच करत आले.

मग हेडबाईंनी लाल पेन्सिल काढली. "आता माझी एक प्रेमाची सूचना. शेवटी जरा घसरलंय हं. देवाला कुणी 'सोड' म्हणतं का?"

"अनवधानाने झालं असेल," शिंपीकाका म्हणाले. "दमून येते बिचारी."

मी हात वर केला. हेडबाई गोड हसल्या. "नियम, ताई, नियम. आपलं शेवटी."

त्यांनी 'जरा सोड' खोडलं आणि वर 'नको सोडु' लिहिलं. अता हात माझा नको सोडु तू. ऑर्गनवाल्याने बोटांवर मात्रा मोजल्या, "बरोब्बर बसतं की!" म्हणाला आणि गुडघ्यावर ताल धरून गायलाच लागला. चाल इतकी गोड की शिंपीकाका दुसऱ्या वेळी सामील झाले. 'सोडु' ऱ्हस्व झालाय एवढं शिंपीकाकांच्या लक्षात आलं, पण हेडबाई म्हणाल्या, मात्रेसाठी चालवून घेऊ, सर झोपलेत तोवर. सगळे खळखळून हसले.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बोलायची वेळ आली होती. तीन माणसं, तिन्ही भली, एकाच्याही मनात पाप नाही. त्यांना काय सांगू? की हा देव बाहेरच्या खोलीत गोळी घेऊन झोपलाय?

"आभारी आहे," मी म्हटलं.

तुझी
ताई


८ जुलै

धाकटे,

रविवारी चर्चमध्ये ते गीत म्हटलं. पाळकसाहेबांनी प्रवचनात चारही ओळी घेतल्या आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आजारी पित्याची सेवा करता करता या भगिनीला हे गीत सुचलं. जी हात सोडत नाही, तीच असं लिहू शकते." सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली. मी कुठे बघू? गीतांच्या पुस्तकात बघितलं, तर ते उलटं धरलं होतं.

बाहेर पडले तर पायऱ्यांवर बायकांनी घेरलं. एकीने हात धरला, दुसरीने गाल. एक म्हणाली, "तुमच्यासारखी मुलगी मिळायला भाग्य लागतं." तिला एकच मुलगी आहे आणि ती शेजारीच उभी होती, तिचा चेहरा बघवेना. चांगलं म्हणून म्हणून या लोकांनी मला चारी बाजूंनी शिवून टाकलंय.

पण हे काहीच नाही. मेट्रनही आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "गाणं ऐकलं. फार सुंदर. म्हणजे तुमचं उत्तर मला मिळालं. दुसऱ्या एका बाईचं नाव कळवते मग, काय?" मी म्हटलं, "थांबा, ते माझं उत्तर नाही." ती गोंधळली. "पण तुम्हीच लिहिलंय ना?" शेवटची मुदत पंधरा तारखेची, एवढंच तिच्याकडून पदरात पडलं.

घरी आले तर आदल्या दिवशी आलेलं तुझं पत्र नर्सबाईंनी हातात ठेवलं. उभ्याउभ्या फोडलं. जीव टांगणीला लागला होता की निदान तुला तरी कळलं असेल. आणि तू काय लिहितेस? "ओळी छान उतरल्यात. तिसरी विशेष आवडली. 'जरा' थोडा सैल वाटतो, त्या जागी दुसरा शब्द बघ. लिहीत राहा."

आधी चांगली गोष्ट, मग प्रेमाची सूचना. इतकी वर्षं लांब राहून तू मंडळातच आहेस की गं!

हेडबाईंना कळलं नाही, त्यांना मी माफ करीन. तू तर या घरात वाढलीस. उशाशी कोण जागतं, कुणाच्या उशाशी जागतं, हे तुला माहीत आहे. तुला कळलं. कळलं म्हणूनच तू अभिप्राय पाठवलास, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर पुढे यावं लागलं असतं. मला तुझा राग आलाय. हे वाक्य सुधारायला जाऊ नकोस, पुन्हा लिहिते: मला तुझा राग आलाय.

ताई


१२ जुलै

धाकटे,

मागच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितेय, कारण काल जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

मधला एक गुरुवार बुडाला, पण आता बाबांचा ताप उतरलाय. काल गुरुवार. मंडळी उत्साहात आली. सरांना लेकीचं गीत ऐकवायचं होतं. बाबांच्या पाठीशी उशा लावून मी त्यांना बसवलं आणि शेजारच्या स्टुलावर बसले. ऑर्गनवाल्याने चाल सांभाळली, बाकीच्यांनी मागे म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या ओळीला त्यांचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे उघडले आणि ब्लँकेटवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

गाणं संपल्यावर त्यांनी माझं मनगट धरून मला वाकवलं. "डु?" ते म्हणाले.

"बाबा विचारतात, 'सोडु'मधला 'डु' ऱ्हस्व का?" मी सगळ्यांना सांगितलं.

हेडबाई शाळेतल्या मुलीसारख्या गडबडल्या. "मात्रेसाठी, सर. मूळ ओळीत नव्हता. आम्ही प्रेमाची सूचना केली होती."

बाबांनी मनगट सोडलं नव्हतं. "मूळ?" ते म्हणाले.

हा शब्द माझ्याशिवाय कुणाला कळला नसता. "बाबांना पाणी हवंय" असं म्हणून मी उठू शकले असते. पण मला वाटलं, हीच वेळ आहे. म्हटलं, "बाबा विचारतात, मूळ ओळ काय होती." आणि त्यांच्या डोळ्यांत बघून मी ती म्हटली. अता हात माझा जरा सोड तू.

त्यांना कळलं. काही शंका ठेवू नकोस, पूर्ण कळलं. चेहऱ्याची जी बाजू हलते ती आक्रसली. मूळ ओळीत एकही अक्षर वेडंवाकडं नव्हतं, हेही त्यांना कळलं. शिंपीकाका खाकरले. मग बाबांनी मला आणखी जवळ ओढलं आणि हळू, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "डु चालेल."

सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. बाबा काय म्हणाले ते सांगायला घरात दुसरं कोण आहे?

"बाबा म्हणतात," मी म्हटलं, "डु चालेल."

हेडबाईंनी टाळ्याच वाजवल्या. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ऱ्हस्वाला सूट दिली! शिंपीकाका म्हणाले, लेकीच्या प्रेमापुढे व्याकरणाचं काय चालतं. खरंच होतं ते. ज्या माणसाने एका काना-मात्रेसाठी पाळकसाहेबांशी वर्षभर अबोला धरला, त्याने देवापुढे अशुद्ध बोलायची परवानगी दिली, मी जाऊ नये म्हणून. आणि ती परवानगी माझ्याच तोंडून दिली. मंडळी गेल्यावर कप विसळताना माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ दिसत होते. त्यांच्या डाव्या हातात अजून इतका जोर आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी रडले. पहिल्यांदा रागाने आणि मग त्यांची कीव येऊन. किती घाबरला असेल गं हा माणूस.

ताई


१६ जुलै

धाकटे,

काल सकाळी कामावर गेल्यावर आधी मेट्रनकडे गेले. मी जाते म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग ते गाणं?" म्हटलं, गाणं चर्चचं आहे, उत्तर माझं आहे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. स्टुलावर बसले नाही. पलंगापासून लांब, दाराशी उभी राहिले, म्हणजे मनगट त्यांच्या हाती लागणार नाही. म्हटलं, "बाबा, मी एक तारखेला दुसऱ्या गावी नोकरीला जातेय. तिथेच राहणार आहे." एवढंच.

एखादी ओळ पुन्हा ऐकायची असली की मंडळात म्हणतात तसं ते म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

त्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं आता सूचना येणार. म्हटलं, "नको, बाबा. हे असंच राहणार." तो हात बराच वेळ तसाच वर राहिला आणि मग त्यांनी त्याच हाताने डोळे झाकले. मी जवळ गेले नाही. धाकटे, ते फार अवघड होतं. आयुष्यात इतकं अवघड मी काही केलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "कोण?" म्हणजे माझ्यानंतर कोण. मी म्हटलं, "धाकटीला लिहिते." ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ती नाही येणार." येशील की नाही, ते मलाही माहीत नाही.

आता कामाचं. नर्सबाई पहिला आठवडा दिवसरात्र खाली राहायला तयार आहेत, त्यापुढे नाही. त्यांनाही त्यांचे गुडघे आहेत. किल्ली त्यांच्याकडे असेल. बाबांना पातळ खायला लागतं. गोळ्या खिडकीतल्या डब्यात आहेत, कुठली केव्हा ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलंय. त्यांचं बोलणं तुला सुरुवातीला कळणार नाही. कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. मनगट धरू द्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

मागे मी लिहिलं होतं की तू यायचं काही कारण नाही. ते खोटं होतं. कारण आहे, ते पलंगावर पडलेलं आहे आणि ते आपल्या दोघींचं आहे. इतकी वर्षं मी एकटीने केलं. आता ये. तू आली नाहीस तर बाबांचं काय होईल ते मला माहीत नाही. तरी मी थांबणार नाही. एकदा थांबले तर मग मला इथून बाहेर काढतील ते चौघं खांद्यावर घेऊनच.

या पत्रात कविता नाही, तेव्हा छान म्हणू नकोस आणि काही सुचवूही नकोस. येते किंवा येत नाही, एवढंच लिही. दोन्हीपैकी काहीही लिहिलंस तरी एक तारखेला मी या घरात नसेन.

तुझी
ताई